बोटीतली रात्र आणि अम्मीचा रेडिओ

रात्री झोपताना घरात कोणता आवाज असावा, हा प्रश्न आपल्याकडे कुणी प्रश्न म्हणून विचारत नाही. कुणाच्या घरी टीव्ही चालू असतो, कुणाच्या घरी चारही कुल पढून हातावर फुंकणाऱ्या दादीची पुटपुट असते, कुणाकडे नुसती पंख्याची घरघर. माणूस ज्या आवाजात वाढतो त्याच आवाजात त्याला झोप लागते. पण मुसलमानाच्या घरात हा साधा प्रश्न कधी कधी फार अवघड होऊन बसतो. त्या आवाजात गाणं असेल तर ते ऐकावं की नाही, यावर एकाच आईच्या लेकरांची मतं वेगळी असतात. घर ऐसपैस असलं की हे मतभेद भिंतीआड राहतात. खोली एवढीशी, दार एकच, खिडकी नाही आणि बाहेर अरबी समुद्र, अशी अवस्था झाली की मतभेदांना आड व्हायला भिंतच उरत नाही. आमच्यावर ती वेळ आली.

आम्ही म्हणजे तीन भावंडं. थोरला भाऊ, मधली बहीण आणि धाकटा भाऊ. हा मजकूर तिघांनी मिळून लिहिला आहे. यातलं प्रत्येक वाक्य तिघांना मान्य आहे असं नाही, पण जे घडलं ते तिघांनी सारखंच पाहिलं आहे.

गाव आमचं झरी. परभणीहून जिंतूरच्या वाटेवर. काळी जमीन, कापूस, ज्वारी, अलीकडे सोयाबीन. समुद्र इथून चारेकशे किलोमीटर लांब. आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांनी समुद्र पाहिला तो दोनच कारणांनी, एक तर मुंबईला दवाखान्याच्या निमित्तानं, नाही तर हजला जाताना. कोकणातल्या आपल्या बांधवांचं तसं नाही. त्यांच्या घराघरात खलाशी, बोटीवरचे भंडारी, तांडेल. त्यांच्या गाण्यांतही समुद्र आहे. आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला पाणी म्हणजे विहीर, फार तर नदीचा पूर.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून त्यांनी ट्रान्झिस्टर घेतला. त्या काळी रेडिओला लायसन लागे, त्याचं छोटं पुस्तक असे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून शिक्का मारून आणावा लागे. अब्बा ते पुस्तक कागदपत्रांच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या सातबाराशेजारी ठेवत. उन्हाळ्यात सगळं घर माळवदावर झोपायचं. इशाची नमाज झाली, जेवणं आटोपली की अब्बा रेडिओ उशाशी घेऊन पडत. काटा आधी आकाशवाणी परभणीच्या १३०५ वर, शेतकऱ्यांचे कार्यक्रम आणि बातम्या ऐकण्यासाठी. बुधवारी तो सिलोनकडे वळे. १९५२ साली सुरू झालेली अमीन सयानींची गीतमाला तोवर गावोगाव पोहोचलेली होती. आणि शेवटी, दहाच्या सुमाराला, विविध भारतीचं छायागीत. त्यातलं दुसरं-तिसरं गाणं आम्हा भावंडांपैकी कुणीही कधी पूर्ण ऐकलेलं नाही. तोवर डोळा लागलेला असे. खालून देवळातल्या भजनाचे टाळ येत, मळ्यातल्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची पुकपुक येई, आणि या सगळ्यांच्या वर अब्बांचा रेडिओ, अगदी बारीक आवाजात.

अम्मी रेडिओ ऐकते असं आम्हाला तेव्हा कधी वाटलं नाही. ती कामात असायची. भांडी आवरून, दुधाला विरजण लावून ती सगळ्यात शेवटी वर यायची. तोवर गाणी संपत आलेली असत. अब्बा २०१६ साली अल्लाहला प्यारे झाले. चाळिसावा झाला, पाहुणे गेले आणि त्या रात्री अम्मीनं फळीवरचा रेडिओ काढून स्वतःच्या उशाशी ठेवला. तेव्हा कळलं, की इतकी वर्षं शेवटी वर येऊनही तिच्या कानांवर काय काय पडत होतं.

थोरला झरीतच असतो, शेती पाहतो. मधे काही वर्षं तो सौदीत नोकरीला होता. तिकडून आल्यावर त्यानं गाणं ऐकणं सोडलं. कुणावर लादलं नाही, घरातल्या कुणाला उपदेश केला नाही. पण त्याच्या मनात ती गोष्ट पक्की आहे. तो म्हणतो, ‘‘अम्मी, नींद मौत का भाई है बोलते. सोते वक्त कान में आखरी आवाज अल्लाह के नाम का होना.’’ यात चुकीचं काही नाही. अनेक आलिमांचं म्हणणं हेच आहे की वाद्यांचं संगीत टाळावं, आणि ते म्हणणं मनापासून पाळणाऱ्या माणसाची चेष्टा करणं आम्हाला बरं वाटत नाही. अम्मीचं उत्तर एवढंच असतं, ‘‘अल्लाह का नाम तो मैं ले केच सोती. उसके बाद लगाती रेडिओ.’’ मग तो आपल्या खोलीत जातो. भिंतीपलीकडून बारीक आवाज येत राहतो. ऐकू येतं हे त्याला माहीत आहे, आणि त्याला ऐकू जातं हे अम्मीला माहीत आहे. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

मधली शिक्षिका आहे, परभणीत राहते. तिला झोपताना गझल लागते, बेगम अख्तर किंवा मेहदी हसन. धाकटा पुण्यात नोकरी करतो आणि कानात बोंडं घालून मोबाइलवर पावसाचा आवाज ऐकत झोपतो. झरीच्या माणसानं पैसे देऊन इंटरनेट घ्यावं आणि त्यावर पाऊस ऐकावा, याची अम्मीला फार मौज वाटते.

आता बोटीचं कसं ठरलं ते सांगतो. आमचे नाना, अम्मीचे वडील, सत्तरच्या दशकात मुगल लाइनच्या बोटीनं हजला गेले होते. ही कंपनी फार जुनी. १८७७ मध्ये मुंबईत वेगळ्या नावानं निघाली, पुढे मुगल लाइन झाली, स्वातंत्र्यानंतर सरकारकडे आली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. मुंबई ते जेद्दा हे अंतर साधारण २,३०० सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटर. नाना परभणीहून छोट्या गाडीनं मनमाडला, तिथून गाडी बदलून मुंबईला आणि तिथे साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले. बरोबर वळकटी, पत्र्याची ट्रंक, कडक भाकऱ्या आणि लोणचं. बोटीत त्यांची जागा खालच्या मोठ्या दालनात, शेकडो माणसांच्या ओळीत. आठवड्याहून जास्त दिवस पाण्यात. परत आल्यावर त्यांनी मक्का-मदिनेचं जेवढं सांगितलं तेवढंच बोटीतल्या रात्रींचं सांगितलं. दिवे मंद झाले की कोपऱ्यातून कुणी तरी नात म्हणायला सुरुवात करी. बंगालचा माणूस असे, बिहारचा असे, मलबारचा असे. भाषा कळत नसे पण नबीचं नाव आलं की सगळे दरूद पढत. ऐकता ऐकता अर्धं दालन झोपी जाई. खालून इंजिनाचा आवाज चालूच. नाना म्हणत, ‘‘ऐसी नींद फिर कभी नै लगी.’’

हे ऐकून अम्मीच्या मनात बोट बसली. पण १९९५ नंतर मुंबईहून हजची बोट बंद झाली. ‘एम. व्ही. अकबरी’ ही त्या वाटेवरची शेवटची बोट. मध्यंतरी, २०१८ च्या आसपास, समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्याची चर्चा झाली आणि अम्मीनं ती बातमी रेडिओवर ऐकून आम्हाला फोन केले होते. त्यातून काही झालं नाही. तिचा आणि अब्बांचा नंबर लागला तो २०१० च्या सुमाराला, तोही औरंगाबादेहून विमानानं. काही तासांत जेद्दा. परत आल्यावर आलेल्या-गेलेल्याला ती सगळं सांगे आणि शेवटी म्हणे, ‘‘हज तो हुई रे बाबा, पर दरिया देखीच नै.’’

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ बोट सुरू झाली तेव्हा धाकट्यानं पहिल्यांदा हा विषय काढला. तेव्हा जमलं नाही. मग कोरोना आला. २०२१ पासून मुंबईहून मोठ्या क्रूझ बोटीच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि २०२३ च्या जानेवारीत आम्ही एकदाचे निघालो. सुना, जावई, लेकरं सगळे घरी. फक्त अम्मी आणि तिची तीन लेकरं. थोरला आधी तयार नव्हता. बोटीवर दारू असते, जुगाराचा अड्डा असतो, नाचगाणी असतात. सगळं खरं होतं. शेवटी तो म्हणाला, अम्मी जाते तर मी जातो, पण खोली आणि नमाजेची जागा सोडून कुठे फिरणार नाही. देवगिरी एक्सप्रेसनं परभणीहून निघालो. अम्मीच्या पिशवीत जानमाज, तसबीह, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि रुमालात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर.

खोली आम्ही स्वस्तातली घेतली होती. बोटीच्या आतल्या अंगाची, खिडकी नसलेली. दोन बाजा खाली, दोन वरून उघडून खाली ओढायच्या. भिंती पातळ पत्र्याच्या, आत आवाज आणि आग अडवणारा भराव. कपाट, छोटं टेबल, न्हाणी. दिवा मालवला की असा अंधार की डोळ्यांपुढे धरलेला हात दिसू नये. खेड्यातल्या अमावास्येच्या रात्रीतही इतका अंधार नसतो. फजर झाली की नाही हे घड्याळाशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. किबल्याचं मात्र सोपं होतं. गोव्याकडे जाताना बोटीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे किबला साधारण उजव्या हाताला, येताना डाव्या. अम्मीला याचं फार अप्रूप. पहिल्या संध्याकाळी मगरिब पढून ती कठड्याला धरून त्याच दिशेला बघत उभी राहिली. ‘‘इधर से सीधे गये तो जद्दा ना?’’ थोरला म्हणाला, ‘‘हौ अम्मी, थोडा उप्पर करके.’’

मुंबईचे दिवे मागे पडले तसे मोबाइल एकेक करून मुके झाले. किनाऱ्यापासून लांब गेलं की नेहमीचं नेटवर्क संपतं. पुढे फोननं बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडलं तर बिल भरताना डोळ्यांपुढे चांदण्या दिसतात, म्हणून फोन विमान मोडवर टाकून ठेवायचा असतो. धाकट्याचा पाऊस गेला. तो इंटरनेटवरच वाजायचा. मधलीनं आधीच गझला फोनमध्ये उतरवून घेतल्या होत्या, पण तिची बोंडं घरी राहिली होती. आणि अम्मीनं इशाची नमाज आटोपून, पढून, छातीवर फुंकून, रुमालातून रेडिओ काढला.

खोलीत कुणी काही बोललं नाही. थोरला वरच्या बाजेवर चढून भिंतीकडे तोंड करून पडला. अम्मीनं काटा इकडून तिकडे नेला. नुसती खरखर. परभणी नाही, मुंबई नाही, काही नाही. ‘‘इत्ती बडी बोट, और एक टेसन नै लगता?’’ धाकट्यानं समजावलं, की आपण पत्र्याच्या पेटीत बसलो आहोत, चारही बाजूंनी पोलाद, त्यातून रेडिओची लाट आत येत नाही. अम्मीनं रेडिओ बंद केला. दिवा मालवला.

मग बोटीचे आवाज ऐकू यायला लागले. अगदी खालून इंजिनाची घुमघुम. छतातल्या हवेच्या झडपेचा एकसारखा सूं सूं. मधूनच लाकडी कपाट कुरकुरे. हे आवाज वाईट नव्हते, उलट झोप आणणारेच होते. एकसारखा, हलका आवाज कानांत भरून राहिला की मधले दचकवणारे आवाज टोचत नाहीत. पण शेजारच्या खोलीत कुणी तरी गाणी लावली होती. पातळ भिंतीतून शब्द येत नसत, सूर येत नसत, फक्त ढोलाचे ठोके येत. जाड, खालच्या पट्टीतला आवाज पत्र्यातून सहज पलीकडे जातो आणि वरचा, गोड भाग मधेच अडतो. गाण्यातलं सगळं चांगलं शेजाऱ्यांकडे राहिलं आणि आमच्या वाट्याला नुसते धक्के आले.

अम्मी कूस बदलत होती. मधलीनं विचारलं, ‘‘क्या हुआ अम्मी? दवा देऊं?’’ ती म्हणाली, ‘‘दवा नको. मेरेकू आवाज होना रे. सुन्ने के वास्ते नै. कोई है बोलके.’’

त्या वाक्यानंतर आम्ही तिघंही बराच वेळ गप्प होतो. सात वर्षं ज्या रेडिओवरून घरात न बोललेला वाद होता, तो वाद गाण्यावरून नव्हताच. अम्मी गाणी ऐकत नव्हती. बाजूची बाज रिकामी आहे हे रात्री कळू नये, म्हणून ती आवाज लावत होती.

वरच्या बाजेवरून थोरल्यानं पढायला सुरुवात केली. सूरे मुल्क. मोठ्यानं नाही, शेजाऱ्यांचे ठोके ऐकू यावेत इतक्याच हळू. त्याची किरत चांगली आहे, सौदीत असताना त्यानं ती मेहनतीनं सुधारली. आमच्यापैकी कुणी तरी खालून ‘‘माशाअल्लाह’’ म्हणालं. तो संपवून थांबला. पुन्हा अंधार, पुन्हा इंजिन. आणि मग अम्मी गुणगुणायला लागली.

ते गाणं आम्ही लहानपणी ऐकलं होतं आणि विसरूनही गेलो होतो. तिच्या आईचं, नानीचं. अर्धं दखनी, अर्धं मराठी. दर कडव्याला अल्लाहचं नाव, नबीचं नाव, आणि मधे जातं, दाणे, पीठ, पाळणा, सासरची वाट. नानी ते पहाटे जात्यावरही म्हणे आणि रात्री पाळण्याच्या दोरीवरही. चाल एकच, फक्त रात्री ती संथ होई. अम्मी ते बोटीच्या इंजिनाच्या लयीत म्हणत होती. जात्याचा खुंटा फिरावा तशी ती लय खालून येत होती. थोरल्यानं तिला थांबवलं नाही. त्यात वाजंत्री नव्हती हे खरं, पण त्यानं थांबवलं नाही याचं कारण ते नसावं. आम्हा तिघांपैकी सगळ्यात आधी तोच घोरायला लागला.

या गाण्याचं मूळ कुठलं हे मधलीनं नंतर पुस्तकांत शोधलं. दखनच्या सूफींनी, विशेषतः सतराव्या शतकात विजापूरच्या चिश्ती परंपरेतल्यांनी, बायकांच्या कामाच्या चालींवर दखनीत रचना केल्या. जात्यावरचा चक्कीनामा, सुतावरचा चर्खानामा आणि पाळण्यावरचा लोरीनामा. रिचर्ड ईटन या इतिहासकारानं विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या ग्रंथात यांचं महत्त्व दाखवून दिलं आहे. दखनेतल्या साध्यासुध्या बायकांपर्यंत दीन पोहोचला तो मोठमोठ्या किताबांतून कमी आणि या दळणाच्या, पाळण्याच्या गाण्यांतून जास्त. तेव्हा आपल्या घरांत झोपतानाचं गाणं ही काही रेडिओनं आणलेली गोष्ट नाही. रेडिओच्या तीनशे वर्षं आधीपासून ती आहे.

वादही तितकाच जुना आहे. आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद हजरत बुरहानुद्दीन गरीब खुलदाबादला दफन आहेत, त्यांचा विसाल १३३७ सालचा. समाचा त्यांना इतका ओढा की त्यांच्या मंडळींची ती रीतच वेगळी ओळखली जाई. त्यांच्या पीरांना याच समापायी दिल्लीच्या दरबारात, उलेमांसमोर उत्तर द्यावं लागलं होतं. इमाम गझालींनी तर ‘इह्या’मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय उठतं यावर बरंच काही सोपवलं. परभणीला तुराबुल हक साहेबांच्या उर्साला आजही फेब्रुवारीत कव्वाली होते, काही लोक रात्रभर बसतात, काही लोक दुरूनच सलाम करून जातात. दोघंही त्याच गावात, त्याच मशिदीत एका सफेत उभे राहतात. हा प्रश्न आम्ही भावंडं सोडवू असं आम्हाला वाटत नाही. सोडवायचाही नव्हता. आम्हाला फक्त एका खोलीत झोपायचं होतं.

दुसऱ्या रात्री धाकट्याला एक गोष्ट सुचली. रेडिओ खोलीत लागत नाही, पण उघड्यावर लागायला काय हरकत आहे? मीडियम वेव्हच्या लाटा दिवसा फार लांब जात नाहीत, कारण आभाळातला एक खालचा थर त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लाटा आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो कोस लांब जाऊन पडतात. त्यातून खाऱ्या पाण्यावरून त्या जमिनीपेक्षा सहज पसरतात. लहानपणी माळवदावर रात्री अनोळखी भाषांची केंद्रं का लागत, हे आम्हाला आता कळलं. अब्बा म्हणत, ‘‘रात को दुनिया नजदीक आती.’’

दहाच्या पुढे आम्ही चौघं वर गेलो. नाचगाण्याचा भाग पुढच्या बाजूला, आम्ही मागच्या कोपऱ्यात वाऱ्याचा आडोसा पाहून बसलो. अम्मीला शालीत गुंडाळली. वारा जोराचा, बोटं गार पडलेली, म्हणून रेडिओ थोरल्याच्या हातात गेला. त्यानं काटा फिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा खरखर, मग कुठली तरी दाक्षिणात्य भाषा, मग कुणी तरी भराभर बोलतंय, बहुधा फारसी. आणि मग अचानक, अगदी स्वच्छ, तिलावत. अरबस्तानच्या किनाऱ्यावरचं कुठलं तरी केंद्र असावं. आवाज मोठा होई, मग लांब जाई, मग परत मोठा होई. मीडियम वेव्हची रात्रीची हीच गंमत, ती लाटेसारखीच हलते. अम्मीनं पदर डोक्यावर सारखा केला. ‘‘देख, तेरा टेसन लगा,’’ ती थोरल्याला म्हणाली. आम्ही सगळे ऐकत बसलो. त्या काळोखात, त्या पाण्यावर, ज्या दिशेला नाना गेले होते त्या दिशेनं येणारा तो आवाज. आम्हाला कुणालाच बोलावंसं वाटलं नाही.

काही वेळानं तो आवाज खोल गेला आणि त्याच जागेवर, काटा न हलवता, दुसरंच केंद्र वर यायला लागलं. जुनं हिंदी गाणं. लताबाईंचा आवाज, पण फाटका, मधेच तुटणारा. दोन केंद्रं एकाच जागी असली की रात्री असं होतं. कधी हे वर, कधी ते. अम्मी नुसती बघत होती. थोरला म्हणेल तर बंद करू, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

ट्रान्झिस्टरच्या पोटात एक आडवी काळी कांडी असते. तीच मीडियम वेव्हची एरिअल. त्यामुळे काटा न हलवता नुसता रेडिओच फिरवला तर एक केंद्र दबतं आणि दुसरं उघडतं. हे अब्बांनी शिकवलेलं. लहानपणी माळवदावर त्यांच्या सांगण्यावरून रेडिओ फिरवायचं काम थोरल्याचंच होतं. तो थोडा वेळ तसाच बसला. मग त्यानं रेडिओ हातात आडवा धरून हळूहळू वळवला. थोडा इकडे, थोडा तिकडे. खरखर कमी झाली आणि गाणं उघडलं. तो काही बोलला नाही. गाणं संपेपर्यंत त्याच कोनात हात स्थिर धरून बसून राहिला. अम्मीनं डोळे मिटले होते. झोपली होती की ऐकत होती, सांगता येणार नाही.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की थोरल्याचं मत बदललं. बदललं नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, ‘‘मेरी बात वही है. पर अम्मी का हक अलग है.’’ यावर आम्हा दोघांनाही पुढे काही बोलायचं नव्हतं.

धाकट्यानं नंतर अम्मीला चांगली बोंडं आणून दिली. कानात घालून ऐकलं की कुणाला त्रास नाही, कुणाला गुन्हा नाही, वादच मिटला. आजकाल घरोघरी हाच तोडगा आहे. एका खोलीत चार माणसं, चौघांच्या कानांत चार वेगळ्या रात्री. सोय मोठी आहे, आम्ही तिघंही ती वापरतो. पण अम्मीनं दोन दिवस बोंडं घातली आणि काढून ठेवली. म्हणाली, ‘‘इसमें मैं अकेलीच सुनती. किसी कू सुनने नै आता.’’ कानात घातलेला आवाज शेजारी कुणी असल्याचा भास देत नाही, हे तिनं दोन दिवसांत ओळखलं. शेजारच्या खोलीत थोरल्याला तो आवाज जातो, तो सहन करतो, म्हणजे तो तिथे आहे. तिला एवढंच पुरतं.

आपल्यापैकी कुणी आईवडिलांना घेऊन अशा बोटीनं जाणार असेल तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. खोली शक्यतो बोटीच्या मधल्या भागातली घ्यावी, तिथे हेलकावे कमी लागतात. ऐकायचं असेल ते, तिलावत असो की गझल, घरूनच फोनमध्ये उतरवून न्यावं. स्पीकर भिंतीला लागून असलेल्या टेबलावर ठेवू नये, पत्राच वाजायला लागतो आणि शेजाऱ्यांची झोप जाते. टॉवेलाची घडी करून त्यावर ठेवावा. फजरसाठी गजर लावावा, अंधारावर विसंबू नये. आणि घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो जरूर न्यावा. खोलीत नव्हे, वर उघड्यावर ऐकण्यासाठी.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले. ती बातमी अम्मीला थोरल्यानंच सांगितली. शेतातून आला, हातपाय धुतले, तिच्या बाजेवर बसला आणि म्हणाला, ‘‘अम्मी, वो गीतमालावाले गुजर गये.’’ तिनं इन्ना लिल्लाह पढलं, त्यानंही पढलं. मग अब्बांच्या बुधवारच्या गोष्टी निघाल्या आणि इशाची अजान होईपर्यंत दोघं बसून होते.

तो अजूनही गाणी ऐकत नाही. अम्मी अजूनही पढून, फुंकून, मग रेडिओ लावते. पण परभणीला बाजारात गेला की बी-बियाण्यांच्या, औषधांच्या पिशवीत तो रेडिओचे दोन सेल आठवणीनं आणतो आणि न बोलता तिच्या फळीवर ठेवतो.